वजनपेटी आणि डंबेल्स

प्रयोगशाळेतील वजनपेटी तुम्ही पाहिली असेलच. मखमलीच्या अस्तरात आपापल्या खाचेत बसलेली पितळी वजने, ती उचलण्यासाठी ठेवलेला चिमटा, आणि ‘वजनांना हात लावू नका’ ही शिक्षकांची नेहमीची ताकीद. गेली वीस वर्षे मी ही पेटी विद्यार्थ्यांच्या हाती देत आलो आहे. तिच्यात ५०, २०, २०, १०, ५, २, २, १ असाच क्रम का असतो, हेही दरवर्षी न चुकता सांगतो. असे असूनही गेल्या वर्षी घरासाठी वजनांचा एक संच विकत घेताना ही पेटी मला आठवली नाही. त्याची किंमत माझ्या मुलीच्या खांद्याने मोजली.

ती अकरावीत आहे आणि गोळाफेक करते. हातात आणि खांद्यात जोर वाढवायला हवा, असे तिच्या क्रीडाशिक्षकांनी सांगितले. व्यायामशाळा घरापासून लांब, आणि संध्याकाळी शिकवणी. तेव्हा घरीच डंबेल्स आणावीत असे ठरले. एकाच वजनाच्या जोड्या घेत गेलो तर दर दोन-तीन महिन्यांनी नवी जोडी लागणार, म्हणून ज्यांच्यावर तबकड्या चढवता-उतरवता येतात अशी बदलत्या वजनाची डंबेल्स घ्यायची. दुकानदाराने ‘वीस किलोचा संच’ पुढे केला. दोन दांडे, त्यांच्या टोकांना लावायचे चार नट, ३ किलोच्या चार तबकड्या आणि २ किलोच्या चार. बेरीज बरोबर वीस. मी पैसे दिले आणि रिक्षात पेटी ठेवली.

तीन आठवडे ठीक गेले. मग मुलीने एक नवा व्यायाम सुरू केला. दोन्ही हात सरळ ठेवून बाजूंनी खांद्याच्या पातळीपर्यंत उचलायचे. संचातील सर्वात लहान तबकड्या लावूनही हात वर जाईना. मग तिने काय केले असेल ते तुम्ही ओळखलेच असेल. तिने झोका दिला. चौथ्या झोक्याला उजव्या खांद्यातून कळ आली. डॉक्टरांनी स्नायू ताणला गेल्याचे निदान करून तीन आठवडे विश्रांती सांगितली, आणि जिल्हा स्पर्धा त्याच तीन आठवड्यांत होत्या. त्या संध्याकाळी हात गळपट्टीत अडकवून बसलेली ती मला म्हणाली, “बाबा, तुमच्या वजनपेटीत २ ग्रॅमनंतर एकदम ६ ग्रॅम असतात का हो?”

तिचा हिशेब अगदी बरोबर होता. तो कसा, ते पाहू या.

प्रथम दांडा. दुकानात दांड्याचे वजन कोणी सांगत नाही. वास्तविक तेही आपल्यालाच उचलायचे असते. आमचा दांडा भरीव पोलादाचा, ३५ सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्याचे घनफळ काढा, सुमारे १७२ घन सेंटिमीटर येईल. पोलादाची घनता ७.८५ धरली, तर वस्तुमान १ किलो ३५० ग्रॅम होते. दोन नटांचे मिळून ४०० ग्रॅम. म्हणजे तबकड्या नसलेले रिकामे डंबेलच पावणेदोन किलोचे झाले. आता डंबेलच्या दोन्ही टोकांना सारखा भार हवा, म्हणून तबकड्या जोडीनेच लावायच्या. २ किलोची जोडी लावली की ५.७५ किलो, ३ किलोची लावली की ७.७५ किलो, आणि दोन्ही जोड्या लावल्या की ११.७५ किलो. संपले! पावणेदोन, पावणेसहा, पावणेआठ, पावणेबारा. या चार पायऱ्यांखेरीज पाचवी पायरी या संचात नाही. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना भार तिपटीहून अधिक होतो, आणि तिसरीवरून चौथीवर जाताना सुमारे ५२ टक्क्यांनी वाढतो. असा जिना कोणी घराला बांधला, तर आपण गवंड्याला घरी पाठवू.

पण सर्वात लहान तबकड्या लावूनही मुलीला हात उचलता का आला नाही? तेच ५.७५ किलो ती कोपरात हात वाकवून सहज उचलत होती. याचे उत्तर तरफेत आहे.

कोपर वाकवून वजन उचलताना कोपर हा टेकू असतो. दंडावरचा, ज्याला बायसेप्स म्हणतात तो स्नायू कोपराच्या पुढे सुमारे ४ सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो, आणि तळहातातले वजन कोपरापासून सुमारे ३२ सेंटिमीटरवर असते. (ही प्रौढ माणसाची ढोबळ मापे आहेत. तुमचा हात पट्टीने मोजून पाहा.) बल टेकू आणि भार यांच्या मध्ये आहे, म्हणून ही तिसऱ्या प्रकारची तरफ. वजनपेटीतला चिमटाही याच प्रकारचा. हाताचा बाहू आठपट लांब, म्हणून स्नायूला भाराच्या आठपट ओढावे लागते. ५.७५ किलोसाठी ४६ किलोग्रॅम-बल, आणि हाताच्या स्वतःच्या वजनाचे आणखी चार-एक. मिळून सुमारे पन्नास. एक आटोपशीर डंबेल उचलताना आपल्या दंडातला स्नायू जवळजवळ एका सिमेंटच्या पोत्याइतका ताण सहन करीत असतो. हा सौदा तोट्याचा वाटेल. पण स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात आठ सेंटिमीटर हलतो. निसर्गाने येथे बल देऊन वेग विकत घेतला आहे. गोळा फेकणारीला तोच तर हवा असतो.

आता हात सरळ बाजूला धरा. टेकू खांद्याकडे गेला आणि वजन त्याच्यापासून सुमारे ६० सेंटिमीटर दूर गेले. बल आणि अंतर यांचा गुणाकार, म्हणजेच बलाचे आघूर्ण, दोन्ही वेळा काढून पाहा. कोपराशी ५.७५ गुणिले ३२, म्हणजे १८४. खांद्याशी ५.७५ गुणिले ६०, म्हणजे ३४५, जवळजवळ दुप्पट! खांद्याशी १८० च्या आसपास आघूर्ण हवे असेल, तर हातात ३ किलोच हवेत. आणि ३ किलो आमच्या संचात नव्हते. रिकामा दांडा फार हलका आणि त्यापुढची पायरी फार जड, अशा पेचात सापडलेली मुलगी झोका देणार नाही तर काय करणार? झोक्याने हात वर गेला खरा, पण वरून खाली येणारे वजन थांबवताना खांद्याला भाराहून कितीतरी जास्त बल लावावे लागले.

म्हणून बदलत्या वजनाची डंबेल्स निवडताना पहिला प्रश्न ‘एकूण किती किलो?’ हा नव्हेच. ‘कोणकोणती वजने तयार होतात?’ हा आहे. एकाच व्यक्तीला, एकाच दिवशी, निरनिराळ्या व्यायामांना निरनिराळे वजन लागते. आणि महिन्याभराने त्या प्रत्येकात थोडीशी वाढ लागते.

ही थोडीशी वाढ फार जुनी गोष्ट आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात क्रोटन येथे मिलो नावाचा ग्रीक मल्ल होऊन गेला. तो एक वासरू रोज उचलीत असे, आणि वासराचा बैल झाला तेव्हा तो बैल उचलू लागला, अशी त्याची कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यातले तत्त्व खरे आहे. वासरू रोज थोडे थोडे वाढते, एका रात्रीत ५२ टक्के वाढत नाही. या तत्त्वाला वैद्यकात स्थान मिळवून दिले थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या गुडघ्यांचे आणि मांड्यांचे दुबळे झालेले स्नायू क्रमाक्रमाने वाढवलेल्या वजनांच्या साहाय्याने पुन्हा सशक्त करता येतात, हे त्याने १९४५ साली प्रसिद्ध केले. त्याआधी अशा रोग्यांना हलक्या व्यायामाच्या असंख्य आवृत्त्या करायला लावीत.

‘डंबेल’ हे नावही मौजेचे आहे. इंग्रजीत डंब म्हणजे मुका आणि बेल म्हणजे घंटा. दोर ओढून चर्चमधील घंटा वाजवताना चांगला व्यायाम होतो; तोच व्यायाम आवाज न करता व्हावा म्हणून मुक्या घंटेची साधने निघाली, असे सांगतात. जोसेफ ॲडिसन या निबंधकाराने आपण रोज सकाळी तासभर अशा मुक्या घंटेवर व्यायाम करतो असे १७११ साली लिहिले आहे. त्याही पूर्वी प्राचीन ग्रीक खेळाडू लांब उडी मारताना दोन्ही हातांत दगडाची किंवा शिशाची वजने धरीत. त्यांना ते हाल्टेरेस म्हणत. हा शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकातही भेटतो. माशीच्या मागच्या पंखांच्या जागी दोन चिमुकल्या, टोकाला गोळी असलेल्या दांड्या असतात आणि उडताना तोल राखायला त्या उपयोगी पडतात. त्यांनाही हेच नाव आहे.

पण आपण संचाकडे वळू.

वजनपेटीत ५, २, २ आणि १ या चार वजनांत १ पासून १० पर्यंतचे प्रत्येक वजन तयार होते. ३ म्हणजे २ अधिक १, ४ म्हणजे २ अधिक २, ८ म्हणजे ५ अधिक २ अधिक १, अशी तुम्हीच यादी पुरी करा. डंबेलला हीच युक्ती लावू. फक्त एक फरक लक्षात ठेवायचा. तबकडी दोन्ही टोकांना लागते, म्हणून वजनपेटीतल्या प्रत्येक आकड्याचा अर्धा आकडा तबकडीवर हवा. म्हणजे २½, १, १ आणि ½ किलो. यांची बेरीज ५ किलो. दोन टोके आणि दोन डंबेल्स मिळून चार बाजू, म्हणून एकूण २० किलो! वजन तेच, पण दांड्यासह २.७५, ३.७५, ४.७५ असे करीत ११.७५ किलोपर्यंत, एकेक किलोच्या अंतराने दहा पायऱ्या झाल्या. आमच्या संचात त्या तीन होत्या. या तबकड्या बहुतेक दुकानांत सुट्या मिळतात. अर्ध्या किलोच्या शोधाव्या लागतील, कारण त्यांना मागणी कमी. मोठी वजने दिसायला भारदस्त असतात ना!

तुमच्यातला एखादा गणिती म्हणेल, १, २, ४, ८ ही दुपटीची श्रेणी याहून काटकसरीची आहे. खरे आहे. ½, १, २ आणि ४ किलोच्या तबकड्या घेतल्या तर चार प्रकारांत १ ते १५ किलोपर्यंत सगळी वजने होतात. पण ४ किलोची तबकडी दुकानात क्वचितच असते, आणि एका डंबेलवर पंधरा किलो चढवण्याची घाई शाळकरी वयात नसावी.

यातून एक सोपा नियम मिळतो. संचातली सर्वात लहान तबकडी पाहायची आणि तिची दुप्पट करायची. इतर तबकड्या तिच्या पटीत असतील, तर त्यापेक्षा लहान पायरी तो संच देऊ शकणार नाही. सर्वात लहान तबकडी सव्वा किलोची असेल तर पायरी अडीच किलोची. १५ किलो उचलणाऱ्याला ती सोसेल, ५ किलो उचलणाऱ्याला नाही. कारण शरीराला किलो कळत नाहीत, प्रमाण कळते. आमच्या सुधारलेल्या संचातही २.७५ वरून ३.७५ ही पायरी ३६ टक्क्यांची आहे, तर १०.७५ वरून ११.७५ ही केवळ ९ टक्क्यांची. म्हणून अगदी हलक्या वजनांशी वजन वाढवण्याआधी आवृत्त्या वाढवाव्या लागतात. आठ वेळा जमत होते ते बारा वेळा जमू लागले की मग पुढची पायरी. पाव किलोच्या चार तबकड्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळे.

पैसे कमी असतील तर आणखी एक मार्ग आहे. दांडा एकच घ्यावा आणि आधी एका, मग दुसऱ्या हाताने व्यायाम करावा. चाराऐवजी दोनच बाजू भरायच्या असल्याने दहा किलो तबकड्यांत वरच्या दहाही पायऱ्या मिळतात. खांद्यामागे पडलेल्या माझ्या मुलीने पुढे दोन महिने असाच व्यायाम केला.

तबकड्यांवर छापलेल्या आकड्यांवरही फार विश्वास ठेवू नका. आमच्या आठही तबकड्या मी महाविद्यालयातल्या काट्यावर ठेवून पाहिल्या. ३ किलोच्या चौघींपैकी एक २ किलो ८२० ग्रॅम भरली, दुसरी ३ किलो ९० ग्रॅम. ओतीव कामात इतका फरक पडायचाच. मात्र हलकी तबकडी एका टोकाला आणि जड दुसऱ्या टोकाला आली, तर २७० ग्रॅमच्या फरकाने गुरुत्वमध्य मुठीच्या मध्यापासून सरकतो आणि मनगट पूर्ण वेळ ते सावरीत राहते. किराणा दुकानदाराच्या काट्यावर एकदा सगळ्या तबकड्या तोलून सारख्यांच्या जोड्या लावल्या की काम झाले.

आता तबकडी कशाची? बाजारात दोन प्रकार दिसतात. एक बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या. दुसऱ्या प्लॅस्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या. दुसऱ्या बऱ्याच स्वस्त. वजन सारखेच असेल तर फरक कसला, असे कोणीही विचारील. फरक घनतेचा आहे. बिडाची घनता सुमारे ७.२, सिमेंट-वाळूच्या मिश्रणाची सुमारे २.३. म्हणजे तितक्याच वजनाला तिप्पट जागा. २० सेंटिमीटर व्यासाची ४ किलोची बिडाची तबकडी पावणेदोन सेंटिमीटर जाड होईल, तर तेवढ्याच व्यासाची सिमेंटची साडेपाच सेंटिमीटर. त्यामुळे तिच्यातला भार मुठीपासून दूर जातो.

दूर गेल्याने काय होते, ते घरी करून पाहा. विणकामाची एक लांब सुई घ्या आणि दोन सारखे बटाटे तिच्यात ओवून मधोमध, एकमेकांजवळ आणा. सुई मध्यावर धरून मनगटाने डावी-उजवीकडे झटपट फिरवा. मग बटाटे टोकांकडे सरकवून तसेच करा. वजन एका ग्रॅमनेही वाढलेले नाही, तरी सुई वळवायला आणि वळलेली थांबवायला पुष्कळ जोर लागतो. या विरोधाचे मोजमाप म्हणजे जडत्व आघूर्ण. त्यात अंतराचा वर्ग येतो, म्हणून थोडेसे अंतरही महाग पडते. मुठीसाठी १२ सेंटिमीटर जागा सोडून दोन्ही टोकांना वर सांगितलेल्या तबकड्या लावल्या, तर सिमेंटच्या डंबेलचे जडत्व आघूर्ण बिडाच्या डंबेलच्या सुमारे १.४ पट भरते. तेच ‘आठ किलो’, पण डोक्यावर नेताना एक मुकाट्याने जाते आणि दुसरे मनगट पिरगाळू पाहते. आपल्याकडच्या तालमीत मुद्गल फिरवणारे पैलवान याच गुणाचा मुद्दाम उपयोग करून घेतात. मुद्गलाचे वजन मुठीपासून दूर, जाड टोकाकडे असते. पण तो व्यायाम वेगळा आणि त्याला शिकवणारा वस्तादही वेगळा.

वजन आणि जडत्व या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे अंतराळात स्पष्ट दिसते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात डंबेल धरून ठेवायला काहीच बल लागत नाही; हलवायला मात्र पृथ्वीवर लागते तितकेच लागते. तिथे स्नायू झिजू नयेत म्हणून अंतराळवीरांना व्यायाम तर हवाच. त्यासाठी २००८ साली तेथे जे यंत्र पाठवले, त्यात वजने नाहीतच. निर्वात नळकांड्यांतील दट्ट्या ओढून ते वजनाची उणीव भरून काढते. आपल्याला ती सोय पृथ्वी फुकट पुरवते.

सिमेंटच्या तबकड्या अगदीच टाकाऊ आहेत असे नव्हे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला त्यांचा आवाज कमी हे सुख आहे. पण कवचाला तडा गेला की आतली वाळू झिरपते आणि दोन बाजूंची वजने हळूहळू वेगळी होतात. घ्यायच्याच असतील तर लहान वजनांपुरत्या घ्याव्यात.

यापुढचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा, कारण तो पायाच्या बोटांशी निगडित आहे. तबकडी दांड्यावर राहते कशाच्या जोरावर?

साध्या दांड्यांच्या टोकांना आटे असतात आणि त्यांवर चांदणीच्या आकाराचा नट फिरवून बसवतात. आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. आमच्या दांड्याचा परीघ सुमारे ७८ मिलिमीटर, आणि एका फेऱ्यात नट ४ मिलिमीटर सरकतो. म्हणजे उतरणीचा कोन जेमतेम ३ अंश. पोलादावर पोलाद असताना घर्षणांक ०.१५ धरला, तरी साडेआठ अंशांपर्यंतच्या उतारावर वस्तू आपोआप घसरत नाही. म्हणून डंबेल उभे धरले आणि एका बाजूच्या पाचही किलोंचा भार खालच्या नटावर आला, तरी नट आपण होऊन फिरत नाही.

मग नट सैल होतात, हा सगळ्यांचा अनुभव कसा? कारण तबकड्या फिरतात. आपण मूठ वळवतो तेव्हा दांडा लगेच वळतो, पण सैल बसलेली जड तबकडी जडत्वामुळे मागे राहते आणि शेजारच्या नटाला आपल्याबरोबर थोडा ओढते. दोन्ही टोकांचे आटे उजवे असतात. दोन टोकांकडून पाहणाऱ्यांना एकच फिरणे उलटसुलट दिसते, म्हणून ज्या वळणाने एक नट घट्ट होतो त्याच वळणाने दुसरा सैल होतो. सायकल बनवणाऱ्यांनी ही अडचण ओळखून डाव्या पायटाला डावे आटे ठेवले आहेत. डंबेलला ती चैन नाही. म्हणून नटाच्या आतल्या अंगाला रबराची चकती असलेलाच घ्यावा, तबकडीचे भोक दांड्यावर खुळखुळत नाही ना हे पाहावे, आणि प्रत्येक फेरीआधी दोन्ही नट हाताने पिळून पाहावेत. वेळ पाच सेकंद लागतो. गुळगुळीत दांडा आणि त्यावर चिमटीने दाबून बसवायची स्प्रिंग अशीही एक तऱ्हा असते. तिथे आटे नाहीत, केवळ दाबामुळे येणारे घर्षण आहे. स्प्रिंग जुनी झाली की दाब कमी होतो. वजन डोक्यावर न्यायचे असेल तर ही तऱ्हा मी घरात आणणार नाही.

अलीकडे चकती फिरवून वजन निवडायची डंबेल्स आली आहेत. डंबेल त्याच्या बैठकीत ठेवायचे, आकडा फिरवायचा, हव्या तेवढ्या तबकड्या दांड्याबरोबर उचलल्या जातात आणि बाकीच्या बैठकीत राहतात. युक्ती सुंदर आहे आणि पायऱ्याही जवळजवळच्या मिळतात. पण किंमत साध्या संचाच्या कित्येक पट. शिवाय यातल्या काही प्रकारांत वजन कितीही कमी केले तरी लांबी तेवढीच राहते. सुईच्या टोकाचे बटाटे आठवा. आणि तबकडी धरून ठेवण्याचे काम आतल्या लहानशा खिट्ट्यांवर असते. त्या नीट अडकल्या की नाही हे बाहेरून दिसत नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने अशा एका लोकप्रिय बनावटीची सुमारे ३८ लाख डंबेल्स परत बोलावल्याचे जाहीर केले. व्यायाम चालू असताना तबकड्या सुटून पडत होत्या आणि शंभराहून अधिक लोकांना इजा झाल्याच्या नोंदी होत्या. अशी डंबेल्स कोणाकडे असतील तर बैठकीतून उचलल्यावर प्रथम कमरेखालीच हलकेच हलवून पाहावीत. आणि ती कधीही आपटू नयेत.

आपटणे म्हणजे नेमके किती, तेही मोजू. ११.७५ किलोचे डंबेल २० सेंटिमीटरवरून फरशीवर सुटले आणि २ मिलिमीटरमध्ये थांबले, असे समजा. पडताना मिळवलेली सगळी ऊर्जा त्या २ मिलिमीटरमध्ये खर्च व्हायची, म्हणून सरासरी बल वजनाच्या १०१ पट येते, म्हणजे सुमारे १२०० किलोग्रॅम-बल. फरशी तडकते, आटे दबतात, खिट्टी वाकते. तेच डंबेल जाड मऊ चटईवर २ सेंटिमीटरमध्ये थांबले तर बल वजनाच्या ११ पट, म्हणजे १३० च्या आत. संचासाठी ठेवलेल्या पैशांतून काही चटईकडे वळवावेत ते यासाठी.

शिक्षक आणि पालक नेहमी एक प्रश्न विचारतात, की वजने उचलल्याने मुलांची उंची खुंटते का? योग्य देखरेखीखाली, बेताच्या वजनाने आणि शुद्ध पद्धतीने केलेल्या व्यायामाने तसे होत असल्याचा पुरावा नाही. उलट ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात जोर-बैठका आल्या, दोरीवर चढणेही आले. इजा होते ती बहुधा झोका दिल्याने, घाईने किंवा पैज लावल्याने.

मुलीचा खांदा बरा झाल्यावर आम्ही दोघे त्याच दुकानात गेलो. या वेळी यादी तिने केली होती. अडीच किलोच्या चार, एक किलोच्या आठ, अर्ध्या किलोच्या चार. दुकानदार म्हणाला, “एवढ्या बारक्या प्लेटा कशाला घेता साहेब, महिन्याभरात कमी पडतील.” तिने त्याला वजनपेटीचा हिशेब समजावून सांगितला. त्याने तो ऐकून घेतला, पण आमच्या जुन्या तबकड्या काही परत घेतल्या नाहीत. २ किलोच्या चार घरीच आहेत. वर्षभराने उपयोगी पडतील. ३ किलोच्या चार मी महाविद्यालयात नेल्या. लंबकाच्या प्रयोगात लोखंडी स्टँड डुलू नये म्हणून त्याच्या पायावर हल्ली त्याच ठेवतो. २ किलो ८२० ग्रॅमवाली कोणती, ते खडूने लिहून ठेवले आहे.